शिक्षण सभापतींना खुले पत्र: शाळेचा जाब द्यायचा कोणी?

मा. सभापती,
शिक्षण समिती, जिल्हा परिषद



हे पत्र एका जिल्ह्यापुरते नाही. राज्यातल्या ३४ जिल्हा परिषदांमध्ये शिक्षण समितीच्या खुर्चीवर जे कोणी बसले असतील किंवा बसतील, त्या सगळ्यांना ते आहे. खातेवाटपात बांधकामावर सगळ्यांचा डोळा असतो आणि शिक्षण उरलेल्याच्या पदरात पडते, हे जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. हार घालणारे कार्यकर्तेही मनातून जरा हळहळतात. मी शाळा व्यवस्थापन समितीवर काम केलेला एक पालक. माझ्या मते तुमच्या वाट्याला सर्वांत मोठे खाते आले आहे. वाडीवस्तीवर जिल्हा परिषदेची पाटी दिसते ती बहुतेक वेळा शाळेच्याच भिंतीवर. तरीही शिक्षण समिती नेमके काय ठरवू शकते, असे विचारले तर तुमचे सचिव असलेले शिक्षणाधिकारीही उत्तर देताना चाचरतील.

मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला, निवडणुका लांबत गेल्या, मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्याच असे बजावले, तोवर तीन वर्षे उलटून गेली होती. शिक्षकांची पदे ठरवणारे संचमान्यतेचे नवे निकष याच काळात आले. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा प्रस्ताव आणि राज्यभर एकच गणवेश हेही त्याच काळातले. बहुतेक जिल्ह्यांत यांतल्या एकाही विषयावर लोकांनी निवडून दिलेल्या शिक्षण समितीने हो किंवा नाही म्हटले नाही, कारण तिथे समितीच नव्हती. आणि बोचते ते हे, की गावात कोणाला फारसे चुकल्याचुकल्यासारखे वाटले नाही.

असे का झाले, याचे मूळ जुने आहे. १९२३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात प्राथमिक शाळांचा कारभार लोकनियुक्त स्थानिक संस्थांकडे आला. जुनी माणसे आजही 'लोकल बोर्डाची शाळा' म्हणतात ती त्या काळातली. पुढे १९४७ चा कायदा आला, जिल्हा स्कूल बोर्डे आली. वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर १९६१ चा जिल्हा परिषद कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून शाळा जिल्हा परिषदांच्या झाल्या. ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत शिक्षण हा विषय पंचायत राज्याच्या यादीत नावानिशी घातला. कागदावर अधिकार असा खाली खाली येत गेला. प्रत्यक्षात शासन निर्णय, पोर्टल आणि व्हिडिओ कॉन्फरन्स यांच्या वाटेने तो परत वर गेला.

तुमच्या गुरुजींचे दोन धनी आहेत. शिक्षक जिल्हा परिषदेचा कर्मचारी, म्हणून त्याची बदली, पदोन्नती ग्रामविकास विभागाच्या हातात. वर्गात काय शिकवायचे आणि शाळेला किती शिक्षक मंजूर, हे शालेय शिक्षण विभाग ठरवणार. शिक्षण आयुक्त पुण्यात, प्रशिक्षण ठरवणारी परिषद पुण्यात, समग्र शिक्षाचा पैसा हाताळणारी प्राथमिक शिक्षण परिषद मुंबईत. जिल्ह्यात शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, बीटाला विस्तार अधिकारी, केंद्राला केंद्रप्रमुख. इतक्या पायऱ्या असून मूल वाचत का नाही, हा प्रश्न कुठल्याही पायरीवर विचारा, बोट वरच्या पायरीकडे जाते. शाळेत वीज नाही? महावितरणला विचारा. शिक्षक नाही? भरतीच्या पवित्र पोर्टलवरून यायचा आहे. आला तर बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामाला गेला आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे सांगितली आहेत, पण त्या तीन शब्दांत काय काय मावते हे कोणत्याही मुख्याध्यापकाला विचारून बघा.

एका बाबतीत अधिकार वर गेला ते उत्तम झाले, हेही सांगून टाकतो. पूर्वी मे महिना आला की सभापतींच्या दारात बदलीवाल्या शिक्षकांची रांग लागे. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने बदल्या संगणकावर गेल्या. अवघड क्षेत्र, सर्वसाधारण क्षेत्र, संवर्ग एक ते चार, यांच्यावरून भांडणे होतात आणि काही ठिकाणी अन्यायही होतो. पण दारातली रांग मोडली. तुमच्यापैकी काहींना तो अधिकार परत हवा आहे असे ऐकतो. कृपा करून मागू नका. मागायच्या गोष्टी दुसऱ्या आहेत.

आता पैशाचे बघू. पहिलीपासून चौथीपर्यंत मिळून बारा मुले आणि दोन शिक्षक अशी वाडीवरची शाळा घ्या. प्राथमिक शिक्षकाची मूळ वेतनश्रेणी २९,२०० पासून सुरू होते. महागाई भत्ता, घरभाडे धरले तर शिक्षक नवा की जुना यावर दोघांचा मिळून वर्षाचा खर्च बारा ते वीस लाखांच्या घरात जातो. म्हणजे एका मुलामागे वर्षाला लाख-दीड लाख. जवळच्या तालुक्याच्या इंग्रजी शाळेची फी याच्यापुढे किरकोळ ठरते. त्याच शाळेला समग्र शिक्षातून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान बघा: पट तीसपर्यंत असेल तर वर्षाला १०,००० रुपये. शंभरापर्यंत पट असेल तर २५,०००. बारा मुलांच्या शाळेत हे मुलामागे महिन्याला सत्तर रुपयेही होत नाहीत. खडू, फळ्याचा रंग, झाडू, फिनाइल, रजिस्टरे, नळाची तोटी, विजेचे बिल, सगळे त्यातच. बिल थकले की मीटर कापले जाते. मग देणगीतून आलेला टीव्ही कापडाखाली झाकून ठेवायचा आणि गुरुजींनी स्वतःच्या मोबाइलवर ऑनलाइन माहिती भरायची. पोषण आहाराचा दर तर दिल्लीत ठरतो. मे २०२५ पासून पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे. तांदूळ वेगळा मिळतो, हे मान्य. पण डाळ, भाजी, तेल, जळण यांचा हिशेब त्यातच बसवायचा. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना महिन्याला २,५०० रुपये मानधन.

तेव्हा सरकार शाळांवर खर्च करत नाही, असे मी म्हणणार नाही. ते खरे नाही. खर्च होतो, पण जवळजवळ सगळा पगारावर. पगार थेट खात्यात जातो आणि त्यात गावाचा काही संबंध उरत नाही. ज्या पैशावर गाव निर्णय घेऊ शकेल तो दहा हजारांचा. दहा हजारांवर भांडायला कोण येणार? शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला कोरमसाठी सह्या गोळा कराव्या लागतात, त्यामागे पालकांचा आळस थोडा आहे आणि हे गणित जास्त.

कोणी म्हणेल, मग गावानेच कर बसवावा आणि आपली शाळा चालवावी. अमेरिकेत असे चालते आणि आता तिकडची माहिती देणारे नातेवाईक आपल्याकडे घरोघर आहेत. न्यू जर्सीत घर घेताना मराठी कुटुंबे आधी तिथला स्कूल डिस्ट्रिक्ट बघतात, कारण शाळेचा बराच पैसा त्या गावाच्या मालमत्ता करातून येतो. शाळा मंडळ लोक निवडून देतात. मंडळाच्या सभेत नागरिकांना बोलायला वेळ द्यावाच लागतो, तसा तिथला कायदा आहे. ऐकायला छान वाटते. पण श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत आणि गरीब गावाची गरीब, हा त्याचा सरळ परिणाम. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयात 'ॲबट विरुद्ध बर्क' हा खटला १९८० च्या दशकापासून कितीतरी वर्षे चालला. शेवटी गरीब शहरांच्या शाळांना श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीने पैसा द्या, असे न्यायालयाला राज्य सरकारला सांगावे लागले. आपल्याकडे हा प्रश्न आधीच ओळखला गेला होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी हेच मांडले, की शेतकऱ्यांकडून गोळा होणारा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो आणि त्यांच्या मुलांच्या प्राथमिक शाळा तशाच राहतात. म्हणून पगाराचा भार राज्याने उचलावा, हे न्याय्यच आहे. अक्कलकुव्याच्या शिक्षकाचा पगार अक्कलकुव्याच्या घरपट्टीवर अवलंबून नसावा. तिकडून घेण्यासारखी गोष्ट एकच: ती उघडी सभा. पैसा वरून येऊ द्या, पण त्याचा जाब इथे, जिल्ह्यात, पालकांसमोर दिला जावा. माझे सगळे म्हणणे एवढ्यावर उभे आहे.

वरून ठरवले की काय होते, हे २०२४ च्या गणवेशाने दाखवले. दोन गणवेशांसाठी मुलामागे ६०० रुपये. आधी हे पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडे येत. समिती गावातल्या किंवा बाजाराच्या गावातल्या शिंप्याकडे जाई, मापे घेतली जात, चूक झाली तर शिंपी सापडे. मग 'एक राज्य, एक गणवेश' आले. कापड वरून, शिलाई बचत गटांकडून, वाटप पुन्हा वरून. १५ ऑगस्ट उलटला तरी अनेक शाळांत मुले जुन्या कपड्यांत होती. ज्यांना मिळाले त्यांच्यापैकी कोणाची बाही कोपराखाली लोंबत होती, कोणाची पँट पोटऱ्यांवर. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने माघार घेतली आणि गणवेशाचा अधिकार पुन्हा समितीला दिला. ते चांगलेच झाले. पण त्या पाच-सहा महिन्यांत एखाद्या जिल्ह्याच्या शिक्षण समितीने ठराव करून विरोध नोंदवल्याचे ऐकिवात आले नाही. बहुतेक ठिकाणी ती अस्तित्वातच नव्हती.

आता तुमच्या कारकिर्दीतला सर्वांत कठीण प्रश्न. २०२३ मध्ये शिक्षण खात्याने समूह शाळांचे प्रस्ताव मागवले तेव्हा आकडे पुढे आले: २० पर्यंत पट असलेल्या १४,७८३ शाळा, त्यांत १,८५,४६७ मुले आणि २९,७०७ शिक्षक. म्हणजे शाळेमागे सरासरी बारा-तेरा मुले. पुणे जिल्ह्यातले पानशेत आणि नंदुरबारमधले तोरणमाळ ही दोन उदाहरणे तेव्हा नमुना म्हणून पुढे केली गेली. पाठोपाठ १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी मुले असतील तर त्या गटाला शिक्षकच मंजूर होणार नाही, असा निकष आला. त्या सप्टेंबरात शिक्षक रस्त्यावर उतरले ते केवळ पगारासाठी नव्हे. लहान शाळांत नियमित शिक्षकाऐवजी कंत्राटी माणूस बसवण्याचा घाट त्यांना दिसत होता.

समूह शाळेच्या बाजूने बोलणाऱ्यांना मूर्ख ठरवून चालणार नाही. चार इयत्तांची बारा मुले एका खोलीत, एक गुरुजी बैठकीला गेलेले, दुसऱ्यांकडे सगळे वर्ग: यात मुलांना बरोबरीची सोबत मिळत नाही, खेळायला दोन संघ होत नाहीत, आणि शिकवणे म्हणजे सांभाळणे होऊन बसते. मोठ्या शाळेत विज्ञानाची बाई असते, वाचनालय असते. हे सगळे खरे. पण पावसाळ्यात ओढा आडवा येतो, घाटातली गाडी बंद पडते, आणि सातवीतली मुलगी एवढी लांब एकटी जाणार म्हटल्यावर घरचे तिला घरीच बसवतात. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीला एक किलोमीटर, सहावी ते आठवीला तीन किलोमीटर हे अंतर उगाच लिहिलेले नाही. काही शाळा एकत्र झाल्या पाहिजेत, काही कधीच होता कामा नयेत, आणि कोणती कुठल्या रांगेत हे मंत्रालयातल्या एक्सेल शीटवर कळत नाही. ते वाडीत बसून, पालकांना विचारून, वाट पायी चालून कळते. हे काम तुमचे आहे.

शिवाय पट हा शाळेच्या मरणाचा दाखला नसतो. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा बंद पडायच्या बेतात होती. पट तीनवर आला होता. गाव आणि शिक्षक एकत्र आले आणि २०२५ मध्ये ती जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या पारितोषिकासाठी निवडलेल्या दहांच्या अंतिम यादीत होती. माढा तालुक्यातली परितेवाडी २०२० मध्ये तिथल्या शिक्षकाला मिळालेल्या 'ग्लोबल टीचर प्राइझ'मुळे जगाला कळली. अशा शाळांचे कौतुक करताना जिल्हा परिषदांची मात्र जरा फसगत होते. सत्कार होतो, फोटो निघतो, आणि उरलेल्या शेकडो शाळांचा प्रश्न सुटला असे वाटू लागते. एका असामान्य शिक्षकावर व्यवस्था उभी राहत नाही. त्याची बदली झाली की शाळेचे काय होते, हे गावांनी पाहिलेले आहे.

मग व्यवस्था कशावर उभी राहते? मला कुमठे बीटाचे उदाहरण जास्त महत्त्वाचे वाटते. सातारा तालुक्यातले हे बीट. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या चाळीसेक शाळांमधले शिक्षक यांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने प्रत्येक मूल शिकेल असा घाट घातला. खडे, काड्या, शब्दपट्ट्या, फरशीवर आखलेले तक्ते, आणि अधिकारी वर्गात मुलांबरोबर जमिनीवर बसलेला. राज्यभरातून शिक्षक ते बघायला गाड्या करून गेले. २२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला त्यामागे या बीटाचे काम होते. पुढे काय झाले? फरशा सगळीकडे रंगल्या. तशी बीटे सगळीकडे तयार झाली नाहीत, कारण त्यासाठी रंग पुरत नाही, रोज शाळेत जाणारा अधिकारी लागतो. राज्यात केंद्रप्रमुखांची ४,८६० पदे मंजूर. त्यांतली कितीतरी पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवली आणि कारभार प्रभारींकडे दिला. प्रभारी म्हणजे कोण? शेजारच्या द्विशिक्षकी शाळेतलाच एक शिक्षक. म्हणजे केंद्राला अर्धा केंद्रप्रमुख मिळाला आणि त्याच्या स्वतःच्या शाळेत उरला एकच शिक्षक. पूर्वी 'दिपोटी', म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी साहेब, येणार म्हटले की शाळा झाडून निघे. ती दहशत परत यावी असे नाही, पण शेरेबुकात सही करून चहा पिऊन जाणारी भेट आणि तिसरीच्या मुलाच्या हातात पुस्तक देऊन त्याला वाचायला लावणारी भेट, यांत फरक आहे.

निकालाचे बोलायचे तर 'असर'च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत देशभरातल्या सरकारी शाळांमधली तिसरीची फक्त २३.४ टक्के मुले दुसरीचा उतारा वाचू शकली. पाचवीत हे प्रमाण ४४.८ टक्के. २०२२ पेक्षा हे आकडे बरे आहेत, शिक्षकांनी कोरोनानंतर खरोखर मेहनत घेतली. तरी पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचे वाचता येत नाही, हे वाक्य दोनदा वाचा. आपला जिल्हा या सरासरीच्या वर आहे की खाली, हे तुमच्या समितीच्या बैठकीत कधी मांडले जाते का? मी पाहिलेल्या इतिवृत्तांत निर्लेखन, वर्गखोल्यांची दुरुस्ती, संरक्षक भिंत, शौचालय, डेस्क-बेंच खरेदी असते. मुले काय वाचतात, याला इतिवृत्तात रकाना नसतो.

म्हणून तुमच्याकडे मागणे आहे ते तुमच्या हातात असलेल्याच अधिकारांचे. जिल्हा परिषदेचा सेस फंड थोडा असतो आणि त्यावर सगळ्या सदस्यांचे लक्ष असते, हे माहीत आहे. त्यातला एक ठरावीक वाटा कमी पटाच्या शाळांच्या वीजबिलासाठी आणि किरकोळ दुरुस्तीसाठी थेट शाळा व्यवस्थापन समितीला द्या आणि तो कसा खर्चायचा हे समितीला ठरवू द्या. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात, आणि शाळा विकास आराखडा तिनेच करायचा आहे. आज तो आराखडा मुख्याध्यापक मार्चमध्ये एका संध्याकाळी भरतात. दोन-तीन तालुक्यांचे आराखडे स्वतः मागवून वाचा. एकसारखी वाक्ये सापडली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. एखादी शाळा जवळच्या शाळेत मिसळायची असेल तर तुमच्या समितीने त्या वाडीत जाऊन सुनावणी घेतल्याशिवाय ठराव करू नका. रिकाम्या केंद्रप्रमुखपदांची यादी जिल्हा परिषदेच्या दारावर लावा. शिक्षकांना वर्षभरात किती दिवस वर्गाबाहेर काढले, कोणाच्या पत्राने काढले, हे शिक्षणाधिकाऱ्यांकडून लेखी घ्या आणि सभेत वाचून दाखवा.

आणि वर्षातून किमान चार बैठका अशा घ्या, ज्यांच्या विषयपत्रिकेवर बांधकाम नसेल, खरेदी नसेल. तिसरी आणि पाचवीची किती मुले वाचतात, केंद्रनिहाय, एवढाच विषय. पालकांना बोलवा, बोलू द्या. पहिल्या बैठकीत आरडाओरडा होईल, दुसरीतही होईल. तो सहन करा. पुढच्या बैठकीची तारीख आठवड्याभरात जाहीर करा, आणि सभागृहात मागच्या बाजूला पालकांसाठी खुर्च्या मांडून ठेवा. आम्ही येतो.

आपला,
जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांचा एक पालक